सहा चेंबर, एक नळी: जुन्या रिव्हॉल्व्हरची मापं

सुरुवात एका शब्दापासून करतो. आपल्याकडे गावात एखाद्याच्या घरी परवान्याची बंदूक असली की लोक तिला 'बारा बोअर' म्हणतात. हे बारा कशाचे? एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओतायच्या, आणि त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. मोजली तर ०.७२९ इंच भरते, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोअरची नळी तिच्याहून लहान, कारण तेवढ्याच शिशाच्या सोळा गोळ्या करायच्या तर प्रत्येक गोळी बारीक होणार. नळीचं माप असं तराजूवर ठरलेलं आहे. हा शब्द मला फार आवडतो. त्यात जुन्या कारागिराची मोजायची रीत अजून जिवंत आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरच्या नावांतही अशाच जुन्या रीती अडकून बसल्या आहेत. त्या सोडवून दाखवायचा आज प्रयत्न करतो. एक खूण लक्षात ठेवा: नाव सांगताना मी नुसतं 'अडतीस', 'चव्वेचाळीस' म्हणेन, आणि प्रत्यक्ष माप सांगताना शून्य लावून इंचात सांगेन. दोन्हींत किती अंतर आहे ते आपोआप दिसेल.

आधी यंत्रणा. सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर म्हणजे दर वेळी अंगठ्याने हॅमर, म्हणजे मागचा घोडा, मागे ओढायचा. तो ओढला जात असतानाच सिलिंडर, म्हणजे गोळ्यांची घरं (चेंबर) कोरलेला फिरता दंडगोल, एक घर पुढे सरकतो. ट्रिगरचं काम फक्त हॅमर सोडण्याचं. सॅम्युएल कोल्टला याचं अमेरिकी पेटंट १८३६ साली मिळालं. रायफलीत चेंबर आणि नळी एकाच पोलादात, एकाच अक्षावर कोरलेली असते. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र सहा चेंबर पाळीपाळीने एका नळीसमोर येऊन उभी राहतात आणि मध्ये काही थाऊंची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट असते. गोळी एका भोकातून निघते, फट ओलांडते आणि दुसऱ्या भोकात शिरते. म्हणजे सात भोकं आली, सात व्यास आले आणि सहा वेळा अक्ष जुळवणं आलं. ज्याने आयुष्यात एकदा तरी जिग बोअर केलं आहे, म्हणजे भोकं अगदी नेमक्या जागी कोरली आहेत, त्याला यातली अडचण लगेच कळेल.

आता १८५१ सालची कोल्ट नेव्ही घेऊ. नाव छत्तीस. हे ०.३६ इंच म्हणजे नळीत आटे, म्हणजे रायफलिंगच्या खाचा, कोरण्याआधीचं भोक. खाचा कोरल्या की खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंतचं माप होतं ०.३७५ इंचाच्या आसपास. गोळीला खाचा भरून काढायच्या असतात, म्हणून गोळी ०.३७५ ची किंवा त्याहून किंचित मोठी ओतत. या रिव्हॉल्व्हरला काडतूस नव्हतं. चेंबरमध्ये पुढून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या रॅमरने दाबायची. गोळी चेंबरच्या तोंडापेक्षा मुद्दाम मोठी असे. दाबताना तिच्या कडेचं शिसं कापलं जाऊन एक बारीक कडं बाहेर पडे. कडं पूर्ण आणि अखंड निघालं म्हणजे गोळी चेंबरच्या भिंतीला चहूबाजूंनी घट्ट बसली.

मी इथे एक पितळी बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, आणलं आहे. आतून ०.३७० इंचाला रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, मारलेलं. ही गोळी गळाला लावायचं शिसं वितळवून ओतलेली, ०.३७५ ची. हँडप्रेसखाली दाबतो... हे बघा. हे कडं बोटावर घ्या. केसाइतकं बारीक आहे, नखाने तुटतं. आणि आता गोळी ०.३७५ ची राहिली नाही, ती ०.३७० ची झाली. आपण कितीही मोठी गोळी ओतली तरी नळीकडे जाणाऱ्या गोळीचा व्यास चेंबरचं तोंड ठरवतं. आजच्या विषयाचं मर्म हेच आहे. नळी ०.३७५ ची आणि चेंबरचं तोंड ०.३७० चं असेल, तर गोळी नळीत सैलच जाणार. मऊ शिसं आणि काळ्या दारूचा धक्का असला तर ती थोडी फुगून उणीव भरून काढते, पण त्या फुगण्यावर विसंबावं लागणं हे काही चांगल्या कामाचं लक्षण नाही.

पुढचा भाग पेटंटच्या भांडणातून आला. सिलिंडर आरपार कोरून मागून काडतूस घालायची कल्पना रोलिन व्हाइटच्या नावावर १८५५ साली पेटंट झाली आणि तिचा हक्क स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या रिव्हॉल्व्हर कंपनीने घेतला. दर बंदुकीमागे व्हाइटला २५ सेंट. १८६९ साली मुदत संपेपर्यंत कोल्ट कंपनीला हात बांधून बसावं लागलं. मुदतवाढीचं विधेयक अध्यक्ष ग्रँट यांनी नाकारलं आणि मग कोल्टने आपल्या जुन्या नेव्ही काडतुसासाठी बदलून द्यायला सुरुवात केली. सिलिंडरचा मागचा भाग कापला, चेंबर आरपार केली, नळी मात्र तीच ठेवली, ०.३७५ ची.

त्या नळीला गोळी ०.३७५ चीच हवी. पण काडतुसाच्या पितळी डब्यात एवढी गोळी बसवली तर डबा तिच्याहून मोठा होणार, आणि मग चेंबरला पायरी द्यावी लागणार. त्यांनी सोपी वाट काढली. गोळीचं बूड कमी व्यासाचं केलं, तेवढंच डब्यात खोचलं, आणि गोळीचं अंग डब्याच्या बाहेर, डब्याच्याच व्यासाचं ठेवलं. तुमच्यापैकी ज्यांनी एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे, त्यांनी हे काडतूस हाताळलं आहे. त्यात गोळी आणि डबा बाहेरून एकाच रेषेत असतात. ती रचना आजही टिकलेली आहे. चेंबरला पायरी नको, एका ड्रिलने आणि एका रीमरने सरळ भोक. डब्याचा बाहेरचा व्यास ०.३८ इंचाच्या जवळपास, म्हणून काडतुसाचं नाव पडलं अडतीस. नळी तीच राहिली आणि नाव छत्तीसवरून अडतीसवर गेलं, कारण आधी नळीचं भोक मोजत होते आणि आता डब्याची पाठ मोजू लागले.

बाहेर उघड्या राहणाऱ्या गोळीला ग्रीस लावलेलं असे. त्यावर धूळ बसे, खिशातला कचरा चिकटे. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला रशियन सरकारने स्मिथ अँड वेसनकडे मोठी मागणी नोंदवली तेव्हा ग्रीसच्या खाचा डब्याच्या आत घेतलेलं काडतूस आलं, चव्वेचाळीस रशियन. त्याची गोळी ०.४२९ इंच. नाव चव्वेचाळीसच राहिलं. पुढे अडतीसच्या गोळीलाही डब्याच्या आत जावं लागलं आणि ती ०.३५७ वर आली. जुन्या ०.३७५ च्या नळ्या वापरात होत्याच. म्हणून गोळीचं बूड पोकळ केलं, दारूच्या दाबाने तिचा घेर पसरावा म्हणून. अठरा थाऊंचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर. एवढं पसरणं शिशाकडून मागणं मला फार वाटतं. शेवटी नळीच बारीक केली, तेव्हा कुठे हिशोब जुळला. नाव मात्र अडतीसच राहिलं. १९३५ साली त्याच व्यासाच्या जास्त लांब काडतुसाला '३५७ मॅग्नम' म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा नाव आणि माप एक झालं.

याच्या अगदी उलट अडतीस-चाळीस. यातले चाळीस म्हणजे चाळीस ग्रेन काळी दारू (ग्रेन हे वजनाचं बारीक माप, एका पौंडात सात हजार). आणि गोळी? ०.४०१ इंच. म्हणजे एक अडतीस ०.३५७ ची आणि दुसरी अडतीस ०.४०१ ची. नावावर भरवसा ठेवून एकीचा साचा दुसरीसाठी घेतला तर काय होईल, ते सांगायला नको.

१८७३ सालच्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीचं पंचेचाळीस कोल्ट काडतूस मुळात २५५ ग्रेनची गोळी आणि ४० ग्रेन काळी दारू असं होतं. नळी खाचेच्या तळाशी ०.४५४. दुसऱ्या महायुद्धात हे उत्पादन थांबलं, १९५६ साली पुन्हा सुरू झालं, आणि नळी आली ०.४५१ च्या घरात. हे माप पंचेचाळीस ऑटोमॅटिक पिस्तुलाचं. चेंबरची तोंडं मात्र कित्येकदा ०.४५६ च्या आसपास राहिली. ०.४५२ ची गोळी तिथे चार थाऊ सैल. गरम वायू तिच्या कडेने पुढे पळतो, शिसं वितळवतो आणि ते नळीला चिकटतं. कुणी नळीला दोष देतो, कुणी दारूला. मोजायचं असतं चेंबरचं तोंड. ते खाचेच्या मापाइतकं किंवा एखादा थाऊ मोठं असावं. लहान असेल तर मघाच्या बुशसारखं होतं, मोठं असेल तर हे.

मोठं राहण्याचं एक कारण आपल्या टूलरूममधलंच आहे. नवा रीमर मुद्दाम टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या सुटीच्या, वरच्या टोकाला बनवतात, म्हणजे धार लावून लावून तो झिजत गेला तरी बरेच दिवस मापात राहतो. नव्या रीमरखाली गेलेला सिलिंडर आणि जुन्या रीमरखाली गेलेला सिलिंडर, दोन्ही ड्रॉइंगप्रमाणे बरोबर, पण वेगळे. हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यातच फ्रान्सिस प्रॅट आणि अ‍ॅमॉस व्हिटनी तयार झाले. १८६० साली त्यांनी यंत्रं आणि गेज बनवणारा स्वतःचा कारखाना काढला. थाऊची शिस्त तिथून किती लांब पसरली, ते आपल्या प्रत्येक मशीनशॉपमध्ये दिसतं.

नळी मोजायची रीत सांगतो आणि थांबतो. मऊ शिशाचा, भोकापेक्षा किंचित मोठा तुकडा तेल लावून नळीतून हळूहळू ढकलायचा. खाचा त्यावर उलट्या उमटतात. कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीच्या नळीला सहा खाचा, डावीकडे वळणाऱ्या. सहा हा सम आकडा, म्हणून खाचेसमोर खाच येते आणि साधा मायक्रोमीटर चालतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नळीला पाच खाचा. तिथे खाचेसमोर उंचवटा येतो, आणि साधा मायक्रोमीटर माप कमी दाखवतो. तीन फ्लूटच्या (खाचांच्या) टॅपला लागतो तसा व्ही-अ‍ॅन्व्हिलचा, म्हणजे इंग्रजी V आकाराच्या टेकूचा, मायक्रोमीटर इथे हवा, आणि तोही पाचांसाठी असलेल्या कोनाचा. टेबलावर पाच खाचांचा आणि सहा खाचांचा, असे शिशाचे दोन तुकडे ठेवले आहेत, पितळी बुशमध्ये खाचा काढून त्यातून ढकललेले. शेजारी दोन्ही मायक्रोमीटर आहेत. शिसं मऊ आहे, रॅचेट दोनच टिकांपर्यंत फिरवा. आधी साध्या मायक्रोमीटरने दोन्ही मोजा, आकडा कागदावर लिहा, आणि मग दुसऱ्याने.