आधी सांधे, मग बॉक्स: जुन्या ट्रकच्या ढिल्या स्टिअरिंगविषयी

मंडळी, जुना ट्रक गॅरेजला लागतो आणि मालक म्हणतो, "स्टिअरिंग ढिलं झालंय, जरा टाइट करून द्या." अर्धी चूक इथेच होते. टाइट करता येईल असा स्क्रू बाहेरून एकच दिसतो, स्टिअरिंगच्या गिअर बॉक्सवरचा. पाना आणि स्क्रूड्रायव्हर, दोन मिनिटांचं काम. गाडी बाहेर पडताना हाताला घट्ट लागतं, मालक खूश होतो. खाली टाय रॉडचा एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, मात्र होता तसाच खिळखिळा राहतो. म्हणून आज बॉक्सचं बोलणं मी शेवटी ठेवणार आहे.

आपण बोलतोय ते पुढे सरळ बीमचा एक्सल, कमानपाटे आणि मॅन्युअल बॉक्स असलेल्या गाड्यांबद्दल. बॉक्सच्या आत वर्म म्हणजे आट्यांचा दांडा, त्यावर स्टीलच्या गोळ्यांवर फिरणारा नट आणि नटाच्या दात्यांत बसलेला सेक्टर शाफ्ट. शाफ्टवर ड्रॉप आर्म नावाचा लोंबता दांडा, तिथून ड्रॅग लिंक हा जोडदांडा, ती ड्रायव्हरच्या बाजूच्या स्टब एक्सलला (चाक ज्यावर बसतं तो वळणारा तुकडा) आणि तिथून टाय रॉड पलीकडच्या चाकाला. हा रस्ता डोक्यात पक्का ठेवा. ड्रॅग लिंक ढिली असेल तर दोन्ही चाकं उशिरा हलतात. उजवं चाक लगेच हलतं आणि डावं मागाहून येतं, तर टाय रॉडकडे बघा.

आता थोडा हिशेब. बॉक्सचं गुणोत्तर २० ला १ धरा, ड्रॉप आर्म २०० मि.मी. लांब आणि स्टिअरिंग व्हील ५०० मि.मी. व्यासाचं. ड्रॉप आर्म १ अंश हलला तर त्याचं टोक सुमारे साडेतीन मि.मी. सरकतं आणि वर व्हील २० अंश फिरतं, म्हणजे रिमवर जवळजवळ ८७ मि.मी. थोडक्यात, खालच्या सांध्यातला १ मि.मी. प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हाताला अडीच सेंटिमीटर जाणवतो. "एंड थोडासाच हलतोय, चालेल अजून" असं म्हणणाऱ्याने हा आकडा आठवावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम व्हीलवर ३० अंशांपर्यंत बॅकलॅश, म्हणजे मोकळी फिरकी, चालवून घेतो. ५०० च्या व्हीलवर ते होतात १३ सेंटिमीटर. पासिंगला तेवढं खपेल, पण भरलेली गाडी घेऊन घाट उतरणाऱ्याने त्या आकड्यावर विसंबू नये. त्याच नियमात बॉल जॉइंटला रबरी टोपी आणि जोडाच्या बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात असंही आहे. ते सहसा कुणी वाचत नाही.

तपासणी गाडी जमिनीवर, चाकं सरळ ठेवून करायची. जॅकवर चाक अधांतरी असलं की सांध्यावर जोर येत नाही आणि ढिलेपणा लपतो. केबिनमध्ये एकाने बसून व्हील डावी-उजवीकडे झटक्याने, पण थोडंसंच हलवायचं. चाक फिरवायचं नाही, फक्त प्ले संपेपर्यंत. दुसरा खाली. त्याने एकेका सांध्यावर हात असा ठेवायचा की अर्धा तळवा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारा खटका बोटांना कळतो. हात फिरत्या भागात अडकणार नाही एवढं बघा.

सुरुवात वरून. कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याच्या योकचा बोल्ट. योक (पकड) स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांवर, ढिला असेल तर नुसता बोल्ट आवळून उपयोग नाही, स्प्लाइन झिजली असेल तर ती पुन्हा सुटणार. मग बॉक्सची बैठक. व्हील हलवताना बॉक्स चेसिसवर किंचितही डोलला, तर आधी बोल्ट काढून भोकं बघा. भोक अंडाकृती झालंय का, चेसिसला तडा आहे का. बोल्टच्या वॉशरभोवती किंवा सांध्याच्या कडेला लालसर भुकटी दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर घासतंय, हे नक्की समजा.

त्यानंतर ड्रॅग लिंक. जुन्या प्रकारात गोळा, दोन वाट्या, स्प्रिंग आणि टोकाला स्लॉटचा प्लग असतो. हा सांधा आवळता येतो: प्लग पूर्ण बसेपर्यंत आवळायचा, मग स्प्लिट पिनचं भोक जुळेपर्यंत थोडा मागे घ्यायचा आणि नवी पिन घालायची. गोळा अंडाकृती झाला असेल तर मधल्या जागी ढिला आणि वळणावर कडक लागेल. तो बदलायचाच. सीलबंद प्रकारच्या एंडला आवळण्याचा प्रश्नच येत नाही. वर-खाली हातानेच प्ले जाणवला की बदला.

एंड काढताना नट सोडून आट्यांवर हातोडा मारणाऱ्यांनी किती स्टड वाकवले असतील, देव जाणे. टेपर, म्हणजे स्टडचा निमुळता भाग, मोकळा करायचा तर आर्मच्या डोळ्यावर (स्टड बसतो त्या भोकाच्या कडीवर) बाजूने, समोरासमोर दोन हातोड्यांनी मारा. डोळा क्षणभर ताणला की टेपर सुटतो. बसवताना टेपर कोरडा, स्वच्छ पुसलेला हवा. तिथे ग्रीस लावू नये. खाचांचा कॅसल नट टॉर्कला आवळल्यावर भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे कधीच सोडू नका. टाय रॉडला एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असतात, म्हणून जुना एंड काढताना फेरे मोजून ठेवा आणि तेवढेच फेरे नव्याला द्या. तरीही टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलीत ते, मोजावंच लागतं. दोन्ही टायरवर मध्यरेषा खडूने आखा, हबच्या उंचीवर पुढे मोजा, गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी ढकलून तीच खूण मागे नेऊन पुन्हा मोजा. फरक त्या मॉडेलच्या पुस्तकाप्रमाणे, सहसा शून्य ते ३ मि.मी. नंतर क्लॅम्पचे बोल्ट आवळायला विसरू नका. हे विसरून रस्त्याला लागलेल्या गाड्या कमी नाहीत.

आता किंगपिन, म्हणजे स्टब एक्सल जिच्यावर वळतो ती उभी पिन. इथे मात्र एक्सल उचला, जॅक बीमखाली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि बीमखाली स्टँड. चाकाला वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खडखड झाली की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष हबच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिन-बुशचा. ब्रेक लागला की ड्रम आणि स्टब एक्सल एकच होतात, बेअरिंग हिशेबातून बाहेर पडतं. इतकी सोपी युक्ती असूनही हब न बघता किंगपिन भरले, म्हणजे नवे बसवले, जातात.

हबचं टेपर रोलर बेअरिंग असेल तर चाक फिरवत नट घट्ट करा, मग पाव फेऱ्याच्या आत मागे सोडा आणि लॉक करा. डायल गेज असेल तर प्ले ०.०३ ते ०.१२ मि.मी.च्या दरम्यान. शून्य करू नका, गरम झालं की बेअरिंग चावतं.

किंगपिन भरायचा तर पिन, दोन्ही बुश, थ्रस्ट बेअरिंग (उभं वजन पेलणारं), लॉक पिन आणि शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) हा पूर्ण संच घ्या. नुसते बुश बदलून जुनी पिन घातली तर महिन्या-दोन महिन्यांत परत तेच. बुश दाबताना त्याचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलं पाहिजे, नाहीतर निपलमधून ग्रीस जाईल पण पिनपर्यंत पोचणार नाही. वरचा आणि खालचा बुश एका सरळ रेषेत रीमर करावा, म्हणजे आतून कापून मापात आणावा लागतो. एमरी कागदाने घासून "बसवलेला" बुश एका कडेला टेकतो. थ्रस्ट बेअरिंग बीमच्या खाली बसतं, त्याची उघडी बाजू खाली ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. उरलेली उभी फट वरच्या बाजूला शिमने भरा, पण स्टब एक्सल हाताने सहज फिरला पाहिजे.

ग्रीस मारताना एक्सल उचललेला असावा. गाडीचं वजन वर असताना थ्रस्ट बेअरिंग दाबलेलं असतं आणि ग्रीस सोप्या वाटेने बाहेर येतं. उसाच्या हंगामात धावून मग पाच-सहा महिने उभ्या राहणाऱ्या ट्रकला हे विशेष लागू. आतलं ग्रीस सुकून साबणासारखं झालेलं असतं, म्हणून जुनं बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारायचं.

पाटेही बघून घ्या. यू बोल्ट ढिले असतील किंवा सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सलच मागे-पुढे सरकतो. ड्रायव्हरला ते ढिल्या स्टिअरिंगसारखंच वाटतं. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश झिजले तरी तेच. आणि पाट्याखालची कास्टरची (एक्सलला मागे-पुढे कल देणारी) पाचर उलटी बसवली तर एकही सांधा ढिला नसताना गाडी रस्ताभर डोलते.

एवढं सगळं होऊनही प्ले उरला तर बॉक्स. आधी तेलाची पातळी. गळती थांबवायला ग्रीस भरणारे आहेत, पण ग्रीस एकदा दात्याने बाजूला सारलं की परत वाहून येत नाही आणि दाते कोरडे चालतात. ९० नंबरचं गिअर ऑइलच हवं. मग ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडा. व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत फिरवा आणि निम्म्यावर आणा. हा खरा मध्य. आधी वर्मच्या बेअरिंगचा उभा प्ले शिमने किंवा त्याच्या अ‍ॅडजस्टरने काढा, नंतरच सेक्टरचा स्क्रू. तो मध्यावरच आणि थोडा थोडा आवळायचा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून दाते मध्ये सर्वात जास्त झिजतात, कडेला नाही. मध्याचा प्ले शून्य करायला गेलात तर कडेला दाते चावतात आणि वळणानंतर व्हील परत येत नाही. अशी गाडी ढिल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची असते. दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठेही अडखळत नाही ना बघा. अडखळलं तर स्क्रू मागे घ्या. वर्म, नट आणि गोळ्या बदलण्याची वेळ आलेली आहे, तो खर्च मालकाला तेव्हाच सांगून टाका.

सेक्टरच्या स्क्रूवरचा चेक नट आवळताना स्क्रू फिरणार नाही असा धरून ठेवा. मग ड्रॅग लिंक जोडा, पिना घाला आणि गाडी रिकामी नेऊन बघा. पहिल्या भरल्या खेपेनंतर यू बोल्ट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याखाली घ्या. नव्याने बसवलेले भाग बैठक घेताना थोडे सैल होतात.