घोड्यावरचा पाद्री, घरची फ्रान्सेस

ओहायो नदीकाठचं मॅरिएटा. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. ऐन विशीतला एक पाद्री घरी निघालाय. घर 500 मैलांवर, केंटकीत. घोडा आंधळा झालाय, खोगीर झिजलंय, अंगावरच्या कपड्यांना इतकी ठिगळं की मूळ कापड कोणतं ते कळू नये. खिशात 75 सेंट.

हे पीटर कार्टराईट.

अमेरिकेच्या त्या पश्चिम सीमेवर चर्चच्या इमारती अगदी तुरळक होत्या. वस्त्या रानात विखुरलेल्या. मग मेथॉडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पाद्रीच घोड्यावर बसून लोकांच्या दारी जाऊ लागले. प्रत्येकाला एक फेरा नेमून दिलेला, त्याला म्हणत सर्किट. आज कुणाच्या लाकडी खोपटात प्रवचन, उद्या झाडाखाली. भत्ता वर्षाला 80 डॉलर, आणि तोही पूर्ण हातात पडेलच असं नाही.

एवढ्यात संसार कसा व्हायचा? लग्न झालं की कित्येक पाद्री फिरती सोडून शेतीला लागत. कार्टराईटांनी फिरतीही सोडली नाही आणि लग्नही केलं. 18 ऑगस्ट 1808 रोजी, फ्रान्सेस गेन्स यांच्याशी. त्या दिवशी फ्रान्सेसना एकोणीस वर्षं पूर्ण झाली. पुढे नऊ मुलं झाली. नवरा सतत वाटेवर, आणि मागे घर चालवायला फ्रान्सेस. कार्टराईटांच्या प्रवचनांचे किस्से खूप सांगितले जातात. पण घोड्यावरची ती सगळी वर्षं घरातल्या या बाईने पेलली, हे त्यांच्याबरोबरच सांगायला हवं.

1824. केंटकीत गुलामगिरी होती. आपल्या मुली उद्या गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी पडतील, मुलांना कष्टाची लाज वाटू लागेल, याची कार्टराईटांना धास्ती होती. गुलामगिरीला बंदी असलेल्या इलिनॉयत, सँगमन परगण्यात त्यांनी जागा बघून ठेवली होती. घरदार विकून सगळे निघाले.

वाटेत एका रात्री मुक्काम उघड्यावरच पडला. हवा उबदार, म्हणून तंबू ठोकला नाही. एका लहानशा झाडाच्या बुंध्याशी शेकोटी पेटवली. झाड बाहेरून धडधाकट दिसत होतं, आतून मात्र कुजलेलं होतं. पहाटे ते कोसळलं, ते झोपलेल्या तिसऱ्या मुलीवरच. मुलगी जागीच गेली. तिला पुरायला दफनभूमीही जवळ नव्हती. तिचा देह बरोबर घेऊन आईबाप आणि भावंडं कित्येक मैल चालत राहिली, आणि मगच तिला माती देता आली.

इलिनॉयत कार्टराईट दोनदा राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले. त्यातल्या 1832 च्या निवडणुकीत हरलेल्या उमेदवारांत एक तरुण होता, अब्राहम लिंकन. 1846 मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या जागेसाठी दोघे समोरासमोर आले, आणि या वेळी लिंकन जिंकले.

तेरा वर्षांनी हेच लिंकन कार्टराईटांच्या नातवाचे वकील म्हणून स्प्रिंगफिल्डच्या कोर्टात उभे राहिले. नातू क्विन हॅरिसन, आरोप खुनाचा. म्हातारे आजोबा साक्षीला आले. भोसकला गेलेला, ग्रीक क्राफ्टन नावाचा माणूस मरणशय्येवर होता तेव्हा ते त्याच्याजवळ गेले होते. हे मी स्वतःच ओढवून घेतलं, क्विनला मी क्षमा केली, असं त्याने सांगितल्याची साक्ष त्यांनी दिली. जूरीने क्विनला निर्दोष सोडलं.

कार्टराईट तेव्हा चौऱ्याहत्तरीचे. त्यानंतरही दहा वर्षं त्यांनी चर्चचं काम सोडलं नाही. 1872 मध्ये प्लेझंट प्लेन्सजवळ, आपल्या घरी ते वारले. फ्रान्सेस त्यांच्यामागे आणखी काही वर्षं जगल्या.