वजन आधी, औषध मग

(दृश्य: नागपूर, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, तिथली लहान मुलांची ओपीडी. वजनकाट्याभोवती गर्दी.)

पोरगं काट्यावर बसायला तयार नाही. सिस्टर म्हणते, "त्याचे बूट काढा जी, स्वेटरही काढा." काटा थांबतो 9 किलो 200 ग्रॅमवर. वय विचारलं तर आई सांगते, तीन पूर्ण.

तीन वर्षांच्या पोराचं वजन साधारण 14 किलो असतं, आणि पोरांचा डोस वजनावर, किलोमागे ठरतो. म्हणजे वय बघून अँटिबायोटिक लिहिलं असतं, तर या लेकराच्या पोटात दीडपट औषध गेलं असतं. विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून इथं येणाऱ्या लेकरांत अशी हाडकुळी पोरं नवलाची नाहीत. दुसरं टोक नागपुरातल्याच धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्यात दिसतं: अकरा वर्षांचा मुलगा, वजन 58 किलो. किलोचा हिशेब तसाच ताणला तर त्याचा डोस मोठ्या माणसाच्याही वर जातो. तिथं डॉक्टर मोठ्यांच्या डोसाशी थांबतात.

(दृश्य: केसपेपर. कोपऱ्यात पेनानं लिहिलेलं वजन.)

लहान मूल म्हणजे लहान मात्रा, असा आपला ठाम समज. किलोमागे बघा, गंमत दिसते. 60 किलोचा माणूस ती सगळ्यांच्या ओळखीची 625 ची गोळी दिवसातून तीनदा घेतो. तिच्यात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक 500 एमजी, म्हणजे दिवसाला किलोमागे 25 एमजी. आपल्या या पोराला तेच औषध दिवसाला किलोमागे 45 एमजी लिहिलं जातं. निमोनिया असेल तर जागतिक आरोग्य संघटना नुसतं अमॉक्सिसिलिन किलोमागे 80 पर्यंत न्यायला सांगते. लहान पोरांचं शरीर असली बरीच औषधं झपाट्यानं बाहेर टाकतं, म्हणून. चार दिवसांच्या बाळाचं मात्र उलट. त्याच्या किडन्या अजून तयार व्हायच्या असतात, औषध अंगात रेंगाळतं, म्हणून दोन डोसांतलं अंतर वाढवावं लागतं. जेंटामायसिनसारखं इंजेक्शन तिथं फार जपून देतात. जास्त झालं तर किडनीला आणि कानाला इजा होते.

आता हिशेब. 9.2 गुणिले 45, म्हणजे 414 एमजी. दोन वेळांत वाटले की एका वेळेला साधारण 200. इथवर काम डॉक्टरांचं. घोळ होतो तो पुढं, एमजीचे एमएल होताना.

(दृश्य: औषधाचं दुकान. काउंटरवर दोन बाटल्या, दिसायला जवळपास सारख्या.)

एकीवर लिहिलंय 228.5, दुसरीवर 457. पहिलीच्या 5 एमएलमध्ये अमॉक्सिसिलिन 200, दुसरीच्या 5 एमएलमध्ये 400. उरलेला आकडा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा, म्हणजे अमॉक्सिसिलिनला साथ देणाऱ्या जोडऔषधाचा, तो या हिशेबात धरत नाहीत. चिठ्ठीवर नुसतं "5 एमएल दोन वेळा" असेल आणि हाती दुसरी बाटली पडली, तर डोस सरळ दुप्पट. पोराला जुलाब लागले की आई म्हणते, औषध गरम पडलं. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर बाटलीची ताकदही लिहावी आणि दुकानदारानं "तेच आहे, फक्त स्ट्राँग" म्हणून दुसरी बाटली देऊ नये. फक्त स्ट्राँग! इतकं महागात पडणारं वाक्य काउंटरवर दुसरं नसेल.

घरी गेल्यावर चमचा. स्वयंपाकघरातल्या दोन चमच्यांत सारखं औषध मावत नाही. बाटलीसोबतचं खुणांचं झाकण बरं, आणि सुई नसलेली 5 एमएलची सिरिंज सगळ्यांत चांगली. "अर्धा चमचा" हा शब्द औषधाच्या चिठ्ठीतून हद्दपार व्हायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: घर. बाटली हलवणारे हात.)

बाटलीत औषधाची कोरडी पावडर येते. आधी बाटली हलवून ती मोकळी करायची. मग उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खाली, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत. पाणी कमी पडलं तर औषध दाट होतं आणि वर काढलेला सगळा हिशेब बिघडतो. नंतरही दर वेळी हलवूनच द्यायचं. तयार बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, सात दिवसांनी फेकायची. नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तापतो तेव्हा बंद खोलीतल्या फळीवर हे औषध टिकत नाही, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड उष्णतेनं लवकर बिघडतं. फ्रिज नसेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगावं, ते वेगळं औषध लिहू शकतात.

एक गोष्ट फार घरांत सुटते. ती 228.5 ची बाटली येते 30 एमएलची. आपल्या पोराला दिवसाला 10 एमएल, म्हणजे तिसऱ्या दिवशी रात्री ती रिकामी. तोवर ताप उतरलेला असतो, पोरगं खेळून राहिलेलं असतं आणि बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं घरचे धरून चालतात. कोर्स पाच दिवसांचा, औषध लागणार 50 एमएल. दुकानातून निघतानाच विचारायचं, "भाऊ, वजनाच्या हिशेबानं किती बाटल्या लागतील?" इथं उत्तर आहे दोन. दुसरीत पाणी घालायचं ते पहिली संपल्यावर.