पेढ्यांचा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

माझी मुलगी आज २७ वर्षांची आहे आणि तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला आणि मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम जातात, त्या भागाला इजा झाली. ही इजा वाढत नाही आणि भरूनही येत नाही. तिला सर्व समजते. मात्र चालणे, बोलणे आणि घास गिळणे, ज्यांचा आपण कधी विचारही करत नाही, त्या गोष्टी तिला मोठ्या कष्टाने कराव्या लागतात. आजचे माझे बोलणे आम्हा आईवडिलांच्या मनाविषयी आहे, आणि त्यातही बापाच्या मनाविषयी, कारण अशा घरांतील बाप फारसे बोलत नाहीत.

आम्हाला नेहमी विचारले जाते, "आता इतकी वर्षे झाली, तुम्ही हे स्वीकारले असेल ना?" सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकाने १९६२ साली लिहून ठेवले आहे की, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांचे दुःख जुनाट असते, ते मुलाबरोबर आयुष्यभर राहते, आणि तसे राहणे हा मनाचा आजार नसून ती स्वाभाविक गोष्ट आहे. हे माझ्या वाचनात फार उशिरा आले. आधी आले असते, तर "अजून किती दिवस रडणार आहेस?" असे मी माझ्या पत्नीला विचारले नसते. पुन्हा सांगतो, हे दुःख एकदा येऊन संपत नाही. इतरांची मुले बालवाडीत जाऊ लागतात तेव्हा ते येते, सायकल शिकतात तेव्हा येते, त्यांच्या लग्नाच्या पत्रिका येतात तेव्हा येते. आणि मधली कितीतरी वर्षे आम्ही अगदी इतरांसारखे हसतखेळत जगत असतो.

२०१४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट आहे. आम्ही तेव्हा साताऱ्यात राहत होतो. आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर होते, तेथील मुलगी माझ्या लेकीपेक्षा अवघ्या तीन आठवड्यांनी लहान. दोघींची बारशी एकाच महिन्यात झाली होती, एकाच पाळण्यात झाली होती. ती मुलगी शाळेतून आली की आमच्याकडे येऊन बसे, आणि त्या वर्षी तर आमच्याच ओट्यावर बसून मोठ्याने दहावीचा अभ्यास करी.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजून गेला आणि शेजारी आनंदाचा एकच गलका झाला. थोड्या वेळाने काकू पेढ्यांचे ताट घेऊन आमच्याकडे येत आहेत हे पत्नीने खिडकीतून पाहिले, आणि काही न बोलता तिने पुढचे दार लावून घेतले. मी खुर्चीत बसलो होतो. मी उठलो नाही, तिला थांबवलेही नाही. खरे सांगायचे तर दार लावले गेले म्हणून मला सुटल्यासारखे वाटले. ज्या मुलीला आम्ही अंगाखांद्यावर खेळवले होते, तिच्या यशाचा आम्हाला त्या क्षणी राग आला होता. हा राग प्रेमाच्या शेजारीच राहतो, आणि तो कोणत्याही आईवडिलांना येऊ शकतो, म्हणून मी तो आज उघडपणे सांगतो आहे.

काकूंनी दोनदा कडी वाजवली आणि त्या परत गेल्या. तेवढ्यात माझ्या लेकीने तिचा फलक आपटायला सुरुवात केली. हा फलक म्हणजे साधी हार्डबोर्डची पाटी होती, तिच्यावर मी रंगाने मुळाक्षरे लिहिली होती. डाव्या हाताच्या अंगठ्याने ती एकेक अक्षर दाखवीत असे. काना, मात्रा, वेलांटी तिला जमत नसे, ती आपण समजून घ्यायची. तिने 'द' दाखवला आणि 'र' दाखवला. दार. मी न समजल्यासारखे केले. तिने पुन्हा दार दाखवले. तिसऱ्यांदा दाखवले तेव्हा तिचे सर्व अंग ताठ झाले होते, आणि शेवटी मी उठून कडी काढली.

शेजारची मुलगी ताट घेऊन एकटीच आत आली. ती अवघडून उभी होती, कारण बंद दाराचा अर्थ न कळण्याइतकी ती लहान नव्हती. माझ्या लेकीने तिला जवळ बोलावले आणि फलकावर अक्षरे दाखवू लागली. अंगठा थरथरत होता, एकेका अक्षरावर पोहोचायला वेळ लागत होता, मधूनच तो घसरून भलत्याच अक्षरावर जात होता. ग. ण. त. मग बऱ्याच वेळाने क आणि त. आम्ही दोघे आईबाप नुसते पाहत होतो. आम्हाला अर्थ लागला नाही. त्या मुलीला मात्र लगेच लागला. "गणितात किती?" असा तो प्रश्न होता. वर्षभर आमच्या ओट्यावर बसून ती गणितात नापास होण्याची भीती बोलून दाखवीत होती, आणि माझी लेक ते ऐकत होती.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

माझी लेक इतक्या मोठ्याने हसली की तिची मान मागे गेली आणि मला धावत जाऊन ती धरावी लागली. मग तिला पेढा हवा होता. सुका पेढा तिला गिळता येत नाही, म्हणून पत्नीने तो दुधात कुस्करला आणि चमच्याने भरवला. भरवताना तिचे डोळे वाहत होते. रात्री ती मला म्हणाली, "मी दार लावले ते तिने पाहिले हो."

त्या दिवसापर्यंत मी समजत होतो की दहावी न झाल्याचे दुःख माझ्या मुलीचे आहे आणि आम्ही तिला त्यापासून जपत आहोत. ते दुःख आमचे होते. तिला मैत्रिणीचे गुण हवे होते.

जाता जाता एक मत सांगतो. मुलाला व्यायाम शिकवणारी मंडळी आईला सहज सांगून जातात की हे घरी दिवसातून तीन वेळा करा; परंतु त्या आईला मुलाला नुसते मांडीवर घेऊन बसायलाही वेळ हवा असतो, हे कोणी कागदावर लिहून देत नाही. ते लिहून दिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता 'आमच्यामागे काय?' हा प्रश्न. आमच्यासारख्या प्रत्येक घरात तो याच शब्दांत विचारला जातो. अपत्य १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला गरज असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ज्या मुलीला मी रोज उचलून न्हाणीघरात नेतो, तिचा पालक होण्यासाठी अर्ज करायचा, या विचाराने मी तो कागद कित्येक महिने कपाटात तसाच ठेवला होता. आमच्यानंतर कोण, या रकान्यात तिच्या धाकट्या भावाचे नाव लिहावे असे पत्नीला वाटत होते, आणि त्याला न विचारता ते लिहू नये असे मला वाटत होते. या एका गोष्टीवरून आम्ही स्वयंपाकघरात हलक्या आवाजात पुष्कळ भांडलो. एका रात्री बाहेरच्या खोलीतून फलक आपटल्याचा आवाज आला. आम्ही दोघेही गप्प झालो, मग मी तिची चाकांची खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात आणली, पत्नीने ओट्याजवळ जागा केली, आणि तो कागद आम्ही तिच्यासमोर ठेवला.