वारा फिरला तेव्हा

[पडद्यावर: मेलबर्नमधलं एक बैठं घर. भर दुपार, तरी सगळे पडदे ओढलेले. पंख्याचा आणि रेडिओचा आवाज.]

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. ऑस्ट्रेलियातला भर उन्हाळा. मेलबर्नच्या क्लेटन भागात आम्ही चौघी मुली भाड्याच्या घरात राहत होतो. त्या सकाळी मी कपडे वाळत घातले. शेवटच्या कपड्याला चिमटा लावेपर्यंत पहिला वाळून कडक झाला होता.

मी नागपूरची. दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा, कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडून दुपार अंधाऱ्या खोलीत काढायची, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. लूही ओळखीची. पण त्या दिवशीचा वारा वेगळाच होता. उत्तरेच्या कोरड्या मुलखातून येणारा, झाडं वाकवणारा, पत्रे वाजवणारा. विटांच्या भट्टीशेजारून जावं तशी झळ, आणि ती थांबतच नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास पारा ४६.४ अंशांवर गेला. मेलबर्नमध्ये तापमानाची नोंद सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक.

त्याआधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सलग तीन दिवस पारा ४३च्या वर होता. त्या आठवड्यात व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले, असं आरोग्य खात्याने नंतर मोजलं. बहुतेक म्हातारी माणसं. ७ फेब्रुवारीला पेटलेल्या वणव्याच्या आठवणीत ती मागे पडली, म्हणून इथे मुद्दाम सांगते आहे.

आदल्या दिवशी, ६ फेब्रुवारीच्या शुक्रवारी, राज्याचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) जॉन ब्रम्बी यांनी लोकांना बजावलं होतं, की उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातला सर्वांत वाईट ठरू शकतो. आम्ही ते ऐकलं आणि दुकानातून बर्फ आणून ठेवला.

[पडद्यावर: डोंगरउतारावर निलगिरीचं दाट रान. खोडांवरून लोंबणाऱ्या सालीच्या पट्ट्या.]

दुपारी बाराच्या थोडं आधी, शहराच्या उत्तरेला किलमोर ईस्ट इथे एक जुनी वीजतार तुटली आणि गवत पेटलं. रेडिओवर गावांची नावं येऊ लागली. मला त्यातलं एकही नाव नकाशावर दाखवता आलं नसतं. आम्ही दहीभात खाल्ला, पत्ते खेळलो. रेडिओ चालूच होता.

वणवा मी पाहिलेला होता. आमच्याकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यातून रान धुमसतं. वनखातं जाळरेषा आखतं, माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. जमिनीवरून सरपटत जाणारी ती आग. वणवा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच यायचं.

निलगिरीचं रान तसं जळत नाही. सर्दी झाली की आई रुमालावर ज्या तेलाचे दोन थेंब टाकायची, ते तेल तिथे प्रत्येक पानात भरलेलं असतं. आग शेंड्यापर्यंत चढते. सालीच्या पेटलेल्या पट्ट्या वाऱ्यावर उडतात आणि कुठेतरी पुढे जाऊन पडतात. त्या दिवशी काही निखारे ३० किलोमीटरहून लांब गेले. जाळरेषा त्याला काय अडवणार?

[पडद्यावर: उघडी खिडकी. पडदा आत फुगतो आहे.]

संध्याकाळ होता होता वारा फिरला. नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून, गार झुळूक आली आणि बघता बघता पारा उतरला. आम्ही धावत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या, दोन्ही दारं उघडली. ओले केस मोकळे सोडून मी मागच्या अंगणात उभी राहिले. शेजारचे लोकही बाहेर आले होते. कुणीतरी हसत होतं. दिवसभरात पहिल्यांदा छातीभर श्वास घेता आला.

तोच वारा पुढे डोंगरात गेला.

दिवसभर उत्तरेच्या वाऱ्याने त्या आगीची लांब, अरुंद जीभ आग्नेयेला ओढत नेली होती. तिचं तोंड अरुंद, पण कूस कित्येक किलोमीटर लांब. वारा नैर्ऋत्येचा झाला आणि ती अख्खी कूसच आगीचं तोंड झाली. किंगलेक हे डोंगरातलं गाव तिच्या वाटेत होतं. आमच्या घरापासून गाडीने तास-सव्वा तासावर. तिकडे दुसऱ्या एका आगीलाही याच वाऱ्याने मेरिसव्हिल गावावर वळवलं. स्ट्रॅथ्यूअन हे जेमतेम दोनशे वस्तीचं गाव वारा फिरायच्या आधीच पेटलं होतं. तिथली २७ माणसं गेली.

धोक्याचे इशारे आगीच्या मागे पडले. मदतीसाठी केलेले कितीतरी फोन उचललेच गेले नाहीत. आणि सरकारचा सल्ला वर्षानुवर्षं एकच होता: लवकर निघा, नाहीतर थांबून घर वाचवा. बादल्या भरून, पन्हाळी साफ करून, भिजवलेली पोती हाताशी ठेवून थांबलेली माणसं घरातच सापडली.

रात्री झोपताना मृतांचा आकडा १४ होता. रविवारी रात्री तो शंभरच्या पुढे गेला. काही आठवडे तो २१० सांगितला जात होता. मग ओळख पटवण्याचं काम पुरं होत गेलं आणि तो १७३वर आला. आकडा कमी झाला याचा अर्थ काय, हे समजायला मला वेळ लागला. राखेतल्या अवशेषांवरून नेमकी किती माणसं होती, हेच आधी सांगता येत नव्हतं.

रविवारी मी इस्त्री केली, कढीपत्ता आणला. संध्याकाळी नागपूरहून फोन आला. "काय गं, तिकडे जंगल पेटलं म्हणे? टीव्हीवर दाखवून राहिले." म्हटलं, "लांब आहे, आई. इथे काही नाही." "जेवलीस का?" "जेवले." मी खोटं बोलले नव्हते. इथे खरंच काही नव्हतं. ट्रेन वेळेवर होत्या, नळाला पाणी होतं.

[पडद्यावर: कॅफेचा कट्टा. कॉफीचं मशीन, शेजारी पालथा ठेवलेला फोन.]

सोमवारी मी कॅफेत कामाला गेले. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई होती, तिची बहीण किंगलेकला राहायची. शनिवारी दुपारपासून फोन लागत नव्हता आणि रस्ते पोलिसांनी बंद केले होते. घरी बसवेना म्हणून ती कामावर आली होती. फोन मशीनशेजारी पालथा ठेवायची, दूध तापवायची, फोन उचलून बघायची, परत पालथा ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय भयंकर झालं ना," आणि कॉफी घेऊन जायचं. ती मान डोलवायची.

मला काय बोलावं सुचेना. मी तिच्या वाटचे कप धूत राहिले.

दुपारी फोन वाजला. ती तिथेच, फरशीवर बसली. बहीण जिवंत होती. बहिणीच्या शेजारचं घर नव्हतं, त्यातली माणसंही नव्हती.

शनिवारी संध्याकाळी मी अंगणात केस मोकळे सोडून उभी होते, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

पुढे रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं. ६७ शिफारशी आल्या. धोक्याच्या पातळ्यांमध्ये सगळ्यांत वर 'कोड रेड' आली आणि त्या दिवशी घर वाचवायचा विचार सोडून आधी निघा, असं स्पष्ट सांगितलं जाऊ लागलं. मोबाइलवर थेट इशारे यायला लागले.

[पडद्यावर: किंगलेकचा रस्ता. काळी खोडं, आणि खोडांना चिकटून फुटलेली कोवळी पालवी.]

२००९च्याच शेवटी कॅफेतली ती बाई मला किंगलेकला घेऊन गेली. निलगिरीची खोडं कोळशासारखी काळी होती. फांद्या जळून गेल्या होत्या, म्हणून पालवी थेट खोडातूनच फुटली होती, बुंध्यापासून वरपर्यंत, लोकरीसारखी. तिच्या बहिणीने आम्हाला चहा दिला. शेजारच्या प्लॉटवर फक्त विटांचं धुराडं उभं होतं. त्याच्याकडे पाठ होईल अशीच तिने खुर्ची ठेवली होती.

मी अजून मेलबर्नमध्येच आहे. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. एक दिवस असाच तापला आणि संध्याकाळी वारा फिरला. आई खिडकीकडे गेली.

"अगं, गार वारा सुटला, उघड ना खिडक्या."

"थांब आई," म्हटलं, "आधी रेडिओ लावू दे."