घर कुठे घ्यायचं: शाळा, लोकल आणि दिवे घाट

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी काही जण नोकरीसाठी पुण्यात येऊ घातलेत, तर काही जण शहरातलं भाडं झेपत नाही म्हणून तळेगाव, सासवड, उरुळी कांचन या बाजूला सरकायच्या विचारात आहेत. दोघांचंही गणित बहुतेक वेळा एकाच जागी चुकतं. आधी फ्लॅट आवडतो, टोकन दिलं जातं, मग जवळची शाळा शोधली जाते आणि ऑफिसचा रस्ता कसा आहे ते राहायला गेल्यावर कळतं. हा क्रम उलटा करा. ऑफिस आपल्या हातात नसतं, ते पक्कं धरा. मग प्रवेश खरोखर मिळू शकेल अशा दोन-तीन शाळा ठरवा. घर सगळ्यात शेवटी, कारण या तिघांत बदलायला सोपं तेच आहे.

अंतर किती, हा प्रश्न पुण्यात फारसा कामाचा नाही. घर आणि ऑफिस यांच्यामध्ये कोंडीची ठिकाणं किती, आणि एक बंद पडलं तर दुसरी वाट आहे का, हे विचारा. वाकडमध्ये राहून हिंजवडीला जाणाऱ्याचं अंतर जेमतेम पाच-सात किलोमीटर असतं, पण मध्ये भूमकर चौक, महामार्गाखालचा वाकडचा भाग आणि पुढे शिवाजी चौक येतो. त्यातही ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या फेज एकमध्ये आहे की तीनमध्ये, यावर सगळं अवलंबून आहे. तीनमधल्या माणसाला आख्खी फेज एक पार करून जावं लागतं, त्याने माण, मारुंजीकडचे पर्यायही पाहावेत. वाघोलीकडून येणाऱ्याच्या वाट्याला नगर रस्ता येतो. लोहगावकडून किंवा केसनंद-थेऊरकडून वळसा आहे, पण रोज घालावा असा तो नाही.

प्रवास मोजायची रीत अशी. मोबाइलच्या नकाशात ‘पोहोचण्याची वेळ’ निवडायची सोय असते. तिथे मंगळवार किंवा बुधवार आणि ऑफिसची खरी वेळ घाला. नकाशा ‘३५ ते ७५ मिनिटं’ असं काहीतरी दाखवेल. त्यातला मोठा आकडा आपला समजा, कारण बायोमेट्रिक हजेरीला सरासरी समजत नाही. मग तोच प्रवास एकदा प्रत्यक्ष करा, आणि संध्याकाळचा परतीचा नक्की करा. पाळणाघर साडेसातला बंद होणार असेल तर तुमची खरी मर्यादा संध्याकाळचा प्रवास ठरवतो. जमलं तर हे जुलैत करा. मे महिन्यात शाळांच्या बस नसतात, पाऊस नसतो, रस्ता शहाण्यासारखा वागतो, आणि घरं पाहायला लोक नेमके मे महिन्यातच निघतात.

आता पैशांचा हिशेब. घर ३० किलोमीटर लांब, म्हणजे रोज ६०. महिन्याचे २२ दिवस धरले तर १३२० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर ८८ लिटर, आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ९२४० रुपये. टोल, सर्व्हिसिंग, टायर वेगळे. दुचाकीला लिटरमागे ४५ धरले तर हेच ३०८० रुपये होतात. लांब गेल्याने भाडं दहा हजारांनी उतरत असेल आणि दोघंही वेगवेगळ्या दिशेला गाडीने जाणार असाल, तर बचत उरतच नाही. वेळेचंही तसंच. एका बाजूला अर्धा तास जास्त म्हणजे महिन्याला २२ तास.

लोकलच्या पट्ट्यात मात्र चित्र पालटतं. पुणे-लोणावळा मार्ग साधारण ६४ किलोमीटरचा आहे, आणि शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी स्थानकं ओलांडत लोकल तळेगाव, वडगाव, कामशेतकडे जाते. मासिक पास गाडीच्या पेट्रोलपुढे किरकोळ वाटेल असा असतो. पण तीन गोष्टी पाहा. पहिली, ऑफिस या रेषेवर आहे का? तळेगावहून शिवाजीनगर किंवा पिंपरी गाठणाऱ्याला लोकल वरदान आहे, हिंजवडीला जाणाऱ्याला तिचा उपयोग थोडाच. कल्याणीनगरला जाणाऱ्याने पुणे स्टेशनला उतरून समोरच मेट्रो धरावी, वनाझ-रामवाडी मार्ग तिथूनच जातो. खराडीचं ऑफिस असेल तर रामवाडीच्या पुढचा टप्पा बस किंवा रिक्षाचा आहे, तो वेळेत आणि खर्चात धरा. दुसरी, त्याच दोन रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात, त्यामुळे लोकल मुंबईसारखी दर चार मिनिटांना येत नाही. एक चुकली की पुढची कधी, हे वेळापत्रकात पाहून ठेवा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि हमखास विसरली जाते: दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो.

याचा शाळेशी काय संबंध? सकाळी अकरा वाजता शाळेतून फोन येतो, ‘तुमच्या मुलीला ताप आहे, घेऊन जा.’ तेव्हा आई शिवाजीनगरला, बाबा खराडीला आणि मुलगी तळेगावच्या शाळेत. रोजच्या पासवर चालणारं घर त्या दिवशी अडकतं. म्हणून आम्ही सांगतो, दोघांपैकी एकाचं कामाचं ठिकाण शाळेपासून पाऊण तासाच्या आत असावं, किंवा गावात आजी-आजोबा, मावशी, ओळखीचं शेजारघर असं कोणीतरी असावं, आणि मूल न्यायची परवानगी असलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव शाळेत आधीच दिलेलं असावं. हे जमत नसेल तर ते गाव कितीही छान असलं तरी लहान मूल असलेल्या घराला गैरसोयीचं आहे.

सासवडचं वेगळं. हडपसर, मगरपट्टा, फुरसुंगीकडे कामाला जाणाऱ्यांना ते सोयीचं आहे, गाव जुनं आहे, नगरपरिषद आहे, बाजार आहे. पण मध्ये दिवे घाट आहे. घाटात एक ट्रक बंद पडला की सगळा दिवस बिघडतो, आणि बोपदेव घाटातून कोंढव्याकडे उतरायची वाट सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे तिकडेही गर्दी वळते. शाळा सुरू होतात त्याच सुमाराला आषाढीची वारी असते. माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते तो दिवस आणि सासवडच्या मुक्कामाचे दिवस ऑफिसातून सुट्टी किंवा घरून काम असंच धरा. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तारखा आधीच माहीत असतात. मुलांच्या शाळा मात्र सासवडमध्येच पाहा. घाट उतरून रोज हडपसरच्या शाळेत जाणारी व्हॅन हा चुकीचा सौदा आहे.

दौंडच्या बाजूला मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव अशी स्थानकं आहेत. गाड्या मोजक्या आहेत, त्यामुळे ऑफिसची वेळ गाडीच्या वेळेशी जुळली तरच तिकडे जा. सातारा रस्त्यावरचं शिरवळ त्या भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी योग्य आहे. पुण्यातल्या ऑफिससाठी तिथून रोज अप-डाऊन करायचं तर खेड-शिवापूरचा टोल, कात्रजचा बोगदा आणि नवले पुलाचा उतार रोज दोनदा.

आणि होऊ घातलेल्या मेट्रोच्या भरवशावर घर घेऊ नका. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या ते मोजा. आज जी बस, जी लोकल, जी मेट्रो प्रत्यक्ष धावते आहे तिच्यावर हिशेब बसत असेल तरच सही करा. पुढे मेट्रो आली तर फायदा.

आता शाळा. नव्या उपनगरांत फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं दिसेल. पॅटर्न म्हणजे पुस्तकं तशी आहेत, संलग्नता आहेच असं नाही. शाळेकडे मंडळाचा संलग्नता क्रमांक आणि यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा ११ अंकी सरकारी ओळख क्रमांक, मागा. मग मंडळाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पडताळा: क्रमांक याच पत्त्याचा आहे की त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेचा, मान्यता कितवीपर्यंत आहे, आणि तिची मुदत. हे न पाहिल्याने आठवीनंतर मुलांना दुसऱ्या शाळेत हलवायची वेळ येते, आणि तेव्हा घर बदलणं सगळ्यात महाग पडतं.

वयाचा घोळ नीट समजून घ्या. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. ऑक्टोबर २०२० मध्ये जन्मलेलं मूल जून २०२६ मध्ये राज्याच्या नियमाने पहिलीत बसतं, केंद्रीय विद्यालयात त्याच वर्षी बसत नाही. बाहेरच्या राज्यातून येताना हेच उलट होऊ शकतं. आणखी एक: बंगळूरु किंवा दिल्लीहून परतणाऱ्या मराठी घरांतली मुलं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. २०२० च्या कायद्यापासून महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. सुट्टीत बाराखडी करून घ्या.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर घराचं ठिकाण थेट निकालावर परिणाम करतं. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग एक ते तीन किलोमीटरवाल्यांना संधी मिळते. अंतर नकाशावर तुम्ही लावलेल्या खुणेवरून धरलं जातं. खूण गल्लीच्या तोंडाशी लावली आणि घर आत निघालं तर कागदपत्रं तपासताना अर्ज बाद होतो. भाडेकरू असाल तर करार नोंदणीकृत हवा आणि तो अर्जाआधीचा हवा. नोटरी केलेला कागद इथे चालत नाही.

खासगी शाळेची फी विचारताना एकच आकडा घेऊ नका. शिकवणी फी, सत्र फी, बस, गणवेश, पुस्तकं, उपक्रम असं वेगळं लिहून मागा. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली असावी लागते, तो तक्ता दाखवा म्हणायला संकोच नको. बसबद्दल विचारा: आमचा थांबा कितवा? पहिल्या थांब्यावर चढणारं मूल सगळ्यात जास्त वेळ बसमध्ये असतं, शाळा चार किलोमीटरवर असली तरी. बस सोसायटीच्या फाटकापर्यंत येते की महामार्गावरच थांबते? वर्षाच्या मध्यात मुलं कमी झाली तर मार्ग बंद होतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात टाळतील. त्याच थांब्यावरच्या पालकांना विचारा.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, असं आमचं स्पष्ट मत आहे, हातात पैसे असले तरी. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. तो जूनमध्ये सुरू केला तर एप्रिल अखेर संपतो, शाळेच्या वर्षाशी जुळतो. ऑक्टोबरमध्ये केला तर ऑगस्ट अखेर, ऐन सहामाहीच्या तोंडावर, घरमालक भाडं वाढवायला मोकळा. मधल्या महिन्यात यावं लागलंच तर पहिला करार एप्रिल किंवा मेपर्यंत करून घ्या. लॉक-इन (म्हणजे करार मोडता न येणारा काळ) किती आणि नोटिशीचा काळ किती हे त्यात लिहिलेलं असू द्या. त्या वर्षात पाण्याचे टँकर किती येतात, हेही कळेल. शहरात नव्याने आलेल्या गावांत हा खर्च सोसायटीच्या देखभालीत मिसळलेला असतो.

एका ताईंनी विचारलंय, मुलगा नववीत आहे, थांबावं का? होय, जमेल तर दहावीपर्यंत थांबा. सीबीएसईत नववीची नोंदणी झाल्यावर दहावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी आणि बदलीचे कागद लागतात. राज्य मंडळात यायचं तर विषय आणि भाषांची जुळणी करावी लागते. दहावीनंतर अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात, तेव्हा गाव बदलणं त्या मानाने सोपं. मात्र मुलगी किंवा मुलगा पुण्यातल्या कॉलेजचा पर्याय भरणार असेल तर सोळाव्या वर्षी त्याचा लोकलचा प्रवास सुरू होणार, हेही घर निवडताना धरायला हवं.

लहान वर्गांतल्या मुलांचं शाळा सोडल्याचा दाखला न मिळाल्याने अडत नाही. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यातच आहे. तरी निघण्यापूर्वी दाखल्यावरचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न अक्षर जुळते का ते जुन्या शाळेच्या कार्यालयातच पाहून घ्या. नोंदीतली चूक जुन्या शाळेच्या रजिस्टरात दुरुस्त होते, आणि त्यासाठी पुन्हा त्याच गावी जावं लागतं.