मागच्या दाराची किल्ली

[दृश्य : संध्याकाळ. कॉलेजचा जिना. पायऱ्यांवर मुलं-मुली, हातात संहितेच्या झेरॉक्स.]

संध्याकाळचे साडेसहा. तास कधीच संपलेत, पण कॉलेज काही सुटलेलं नाही. जिन्यावर एकांकिकेचं वाचन चाललंय, व्हरांड्यात लेझीमचा ताल बसवतायत, वरच्या हॉलमधून ढोलकी ऐकू येतेय. युवा महोत्सव तोंडावर आला की कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजात हेच दिसतं. पोरं वर्गापेक्षा जिन्यावरच जास्त घडतात, असं जुने विद्यार्थी सांगतात. ते फारसं खोटंही नाही.

हाच जिना इमारतीच्या नकाशात मात्र सुटकेचा मार्ग म्हणून धरलेला असतो. नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे इमारतींसाठीची राष्ट्रीय नियमावली, तिच्याप्रमाणे शैक्षणिक इमारतीचा जिना किमान दीड मीटर रुंद हवा, नाट्यगृहाचा दोन मीटर. बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. घाबरलेली गर्दी दारावर रेटते, आणि आत उघडणारं दार त्या रेट्यापुढे हलत नाही. आता त्या दीड मीटरमध्ये एका कडेला मोडके बाक, दुसऱ्या कडेला गेल्या वर्षीच्या सेटच्या फ्रेमा ठेवा. मग उरलेल्या जागेतून एका वेळी एकच जण उतरतो, तोही आडवा होऊन.

[दृश्य : जिन्याखालची अडगळ. थर्माकोल, रंगाचे डबे, जुने पडदे. शेजारीच विजेचा बोर्ड.]

16 जुलै 2004. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघराच्या गवती छपराला आग लागली आणि 94 मुलं गेली. त्यानंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2009 मध्ये न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो, आणि देशभरातल्या शाळांनी बिल्डिंग कोडमधले सुरक्षेचे निकष पाळले पाहिजेत. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा तर त्याआधीच, 2006 मध्ये झाला होता. तेव्हा कायद्याची वाण आपल्याकडे नाही.

कोल्हापूरकरांना आगीची आठवण द्यायला कुंभकोणमपर्यंत जायचीही गरज नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 पासून नाटक बघत आलेलं हे घर. रंगमंच, छप्पर, लाकूडकाम गेलं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर रडणाऱ्या माणसांत नाटकवाले होते, तसेच आयुष्यात एकदाच त्या रंगमंचावर उभे राहिलेले कॉलेजचे पोरगेही होते.

लाकूड, मखमली पडदा, तापलेले दिवे आणि जुनी वायरिंग. कॉलेजच्या हॉलमध्ये याहून वेगळं काय असतं?

[दृश्य : दसरा चौक. बोर्डिंगच्या इमारती, वाळत घातलेले कपडे, जेवणाच्या ताटांचा आवाज.]

आता दसरा चौकात या. 1901 मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंग आली. 1908 मध्ये अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. खेड्यातलं पोरगं शहरात शिकायला आलं तर राहील कुठं, खाईल काय, हा प्रश्न या शहराने तेव्हाच हातात घेतला. म्हणून कोल्हापूरला वसतिगृहांची मायभूमी म्हणतात. पुढं 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं आणि तिथं 'कमवा आणि शिका'मधून कितीतरी पोरं काम करत शिकली.

वसतिगृहाला बिल्डिंग कोड शाळेच्या गटात धरत नाही, राहत्या इमारतींच्या गटात धरतो. कारण सरळ आहे. इथं माणसं झोपतात, आणि झोपेतल्या माणसाला धूर उशिरा कळतो. तरी दोघांच्या खोलीत चौघं, एका सॉकेटवर इस्त्री, चार्जर आणि चहाची कॉइल, हे चित्र आपल्या ओळखीचंच आहे. रात्री दहाला खालचं चॅनेल गेट ओढलं जातं. मुलींच्या वसतिगृहात तर गेटला कुलूप, जिन्याला कुलूप, खिडकीला पक्कं ग्रिल. हेतू वाईट नाही, आईबापांनाही तेच हवं असतं. पण बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आतल्यांनाही कोंडून ठेवतो. यावर उपाय फार खर्चाचा नाही. आतून आडवी दांडी ढकलली की उघडणारं आणि उघडताच घंटा वाजवणारं दार मिळतं. प्रत्येक मजल्यावर एका ग्रिलला बिजागरीची झडप बसवता येते. हे गावातला फॅब्रिकेटरही करून देईल, फक्त त्याला सांगणारं कोणीतरी पाहिजे.

[दृश्य : भिंतीवरचा लाल सिलिंडर. कॅमेरा काट्यावर.]

हा सिलिंडर जवळून बघा. वरच्या गोल तबकडीत काटा आहे. तो हिरव्या पट्ट्यात असला तर दाब ठीक, लाल पट्ट्यात गेला तर ते भिंतीवरचं नुसतं ओझं. वापरायचा कसा? पिन ओढायची, नळी ज्वाळेवर न धरता आगीच्या बुडाशी रोखायची, मूठ दाबायची. आतली पावडर काही सेकंदांत संपते, त्यामुळे ऐन वेळी सूचना वाचत बसायला सवड नसते. महाराष्ट्रात या यंत्रणेच्या देखभालीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'बी' नमुना, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. कागद वेळेवर जातो हो. पण त्या हॉलमध्ये रोज चार तास तालीम करणाऱ्या किती पोरांनी ही पिन कधी ओढून बघितली असेल?

आणि रात्री आठला कुठल्याही कॉलेजात हे ऐकू येईल :

"मामा, मागच्या दाराची किल्ली कुठाय?"

"सायबांच्या कपाटात."

"आणि कपाटाची?"

"सायबांकडं. सायेब गेलं की घरला, पाचलाच."

इमारत सुरक्षित आहे असं सांगणारी माणसं पाचला घरी जातात. इमारत खरी भरते ती त्यानंतर. आमच्या मते सगळं घोडं इथंच पेंड खातंय.

[दृश्य : पंचगंगेचा पूर, जुनी चित्रफीत. मग एका शाळेत अंथरलेल्या सतरंज्या.]

आगीइतकंच भूकंपाचंही बघावं लागतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या धक्क्याने कोल्हापूरही जागं झालं होतं. भूकंपाच्या मानकात इमारत किती महत्त्वाची यावरून एक 'महत्त्व गुणक' ठरतो. साध्या घरासाठी तो 1 धरतात, शाळेसाठी 1.5. म्हणजे शाळेची इमारत दीडपट जोर धरून आखायची, कारण आपत्तीनंतर गाव तिथंच आसऱ्याला येतं. 2019 च्या आणि 2021 च्या पुरात आपण ते पाहिलंय. वर्गात संसार मांडले होते. शहराच्या हद्दीत 30 वर्षं ओलांडलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानेच करावं लागतं. जुन्या दगडी इमारतींचे रुंद व्हरांडे तर आयते मोकळे मार्ग होते. त्यात ॲल्युमिनियमचे पार्टिशन घालून केबिनी काढल्या त्या आपणच.

[दृश्य : मैदानात मांडव बांधणारे कामगार.]

महोत्सवाच्या मांडवालाही मानक आहे. कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर नकोत, चालू वीजवाहिनीच्या खाली उभारायचा नाही, शेजारच्या इमारतीपासून 3 मीटर मोकळे सोडायचे. हे ठरतं मांडववाल्याला ऑर्डर देताना, आणि ऑर्डर देतो सांस्कृतिक विभागाचा विद्यार्थी प्रतिनिधी. म्हणजे नियम त्याला माहीत पाहिजे.

एकांकिकेच्या पोरांना वेळेचं भान शिकवावं लागत नाही. सेट लावायला किती मिनिटं, उतरवायला किती, हे त्यांचं घड्याळावर बसलेलं असतं. रंगीत तालमीला दिवे तपासतात, संगीत तपासतात, पडदा दोनदा पाडून बघतात. त्याच दिवशी, तालीम संपल्यावर, हॉलमधले दिवे बंद करायचे, सगळ्यांना मागच्या दाराने मैदानात काढायचं आणि घड्याळ लावायचं. शिपाईमामांनाही त्यात घ्यायचं. किल्ली त्या दिवसापुरती तरी त्यांच्या खिशात असेल.